गोल झाला तेव्हा मी गवताला पाणी पाजत होतो

आज पाचवा दिवस आणि माझा स्टिकर अजून फिरतोयच. आधी तालमीच्या ग्रुपवर होता, मग ऑफिसच्या ग्रुपवर आला, काल रात्री तर सख्ख्या आतेभावानं इचलकरंजीवरून मलाच पाठवला, 'ह्यो कोण बघ, हसून मेलो' म्हणून. फोटोत काय आहे तर आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमची गॅलरी आहे, झाडून सगळी माणसं हवेत आहेत, म्हणजे खरंच हवेत, एकाचा पाय पायरीला टेकलेला नाही, एका पोराच्या हातातली भेळ वर उडून तशीच थांबलीय, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध एक माणूस मैदानाकडं पाठ करून ओणवा उभा आहे. खाली कुणीतरी लिहिलंय, 'भावा, काय हरवलं?'

तो ओणवा माणूस मी.

आता झालं काय ते सांगतो, म्हणजे निदान तुम्हाला तरी कळेल. लीगची फुटबॉल मॅच, चार वाजताची, आमची तालीम आणि पलीकडच्या पेठेची तालीम (आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचेच असतात). नावं सांगत नाही, सांगितली तर निम्मे लोक इथंच वाचायचं थांबतील आणि उरलेले निम्मे घरी येतील. आम्हाला जिंकणं गरजेचं होतं, त्यांना बरोबरी चालत होती. शेवटच्या पाच मिनिटांत एकच गोल झाला, तो आम्ही मारला, आणि तो मी बघितला नाही. बावीस वर्षं त्या पायरीवर बसतोय मी. अवकाळी पावसातल्या मॅच बघितल्यात, ताप अंगात घेऊन बघितल्यात, स्वतःच्या साखरपुड्याच्या दिवशी दुपारची मॅच बघून मग हॉलवर गेलोय (बायको अजून काढते). आणि हा गोल नाही बघितला.

बाहेरगावच्या माणसाला ह्या मैदानाचं काय एवढं ते कळणार नाही. माझा पुण्याचा मेव्हणा एकदा आलेला. बालेवाडीचं मोठं स्टेडियम बघितलेला माणूस. आत येऊन पाच मिनिटं इकडंतिकडं बघत होता, मग म्हणाला, 'आत्ता जिथं आहोत ते पार्किंग का?' त्याला चहा पाजला आणि विषय सोडून दिला. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. सिमेंटच्या पायऱ्या, एप्रिलमध्ये बुडाखाली वर्तमानपत्र घेतलं नाही तर अंगावर छापून येतील अशा तापलेल्या, आणि समोर एक मैदान. पण हे मैदान मुळात तळं होतं हे त्याला कुठं माहीत. रावणेश्वराचं तळं. कोल्हापूर म्हणजे तळ्यांचंच गाव, आम्ही एकेक बुजवत गेलो. वरुणतीर्थाचं गांधी मैदान केलं, कपिलतीर्थाची मंडई केली आणि रावणेश्वराचं स्टेडियम केलं. बाकी ठिकाणी तळं गेलं म्हणून हळहळ वाटते, इथं मात्र मला मनातून बरंच वाटतं, हे काय चारचौघांत बोलायचं नसतं.

आणि मी ते धुळीचं असताना बघितलंय. बाबांच्या खांद्यावर बसून. तेव्हा बॉल कुठंय ते दिसायचंच नाही, लोकं कुठल्या बाजूला ओरडतात त्यावरून अंदाज बांधायचा. खेळाडू आत जाताना वेगवेगळ्या रंगाचे असायचे आणि बाहेर येताना सगळे एकाच तालमीचे. स्लायडिंग मारलं की गुडघ्याचं साल मैदानावर ठेवूनच उठायचं. घरी आलो की आई आधी दारात उभं करून झाडायची, बाबांना आणि मला, सतरंजी झाडतात तसं. मग कधीतरी गवत आलं. पहिल्यांदा ते हिरवं बघितलं तेव्हा खरं सांगतो, कुणाच्या तरी दुसऱ्याच्या लग्नात घुसल्यासारखं वाटलं. हे आपलं? आपल्याला शोभतंय? आता सवय झाली. आता तर टीव्हीवर परदेशी मॅच बघताना बायकोला म्हणतो, आपल्यासारखंच आहे बघ. ती काही बोलत नाही.

असं सगळं असताना, म्हणजे ह्या मैदानावर आपल्याइतकं प्रेम करणारा माणूस नाही अशी माझी पक्की समजूत असताना, त्या दिवशी माझ्या शेजारी ते मामा येऊन बसले.

आमच्याकडं अनोळखी वडीलधारा माणूस म्हणजे मामा. पांढरा लेंगा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, मांडीवर कापडी पिशवी, आणि चप्पल काढून पायरीखाली नीट जोडून ठेवलेली, देवळात ठेवतात तशी. मला वाटलं तापलेत पाय. दहाएक मिनिटं गेली आणि मामा एकदम म्हणाले,

'डाव्या कोपऱ्याला पिवळं हाय.'

मी ताडकन उठलो. 'पिवळं कार्ड? कुणाला? कधी दाखवलं?'

'दावतंय कोण. आपसूक पडलंय. पाणी पोचत न्हाई तितवर.'

मी परत बसलो. मला वाटलं, असतात म्हातारी माणसं, सोडून द्या. तेवढ्यात आमच्या स्टॉपरनं काय स्लायडिंग टाकलं म्हणता, समोरचा पोरगा एकटा गोलवर निघालेला, ह्यानं मागनं येऊन स्वच्छ बॉल काढला, अख्खी गॅलरी उभी राहून ओरडायला लागली, आणि माझ्या शेजारून आवाज आला, 'आई आई आई आई!'

'काय झालं मामा? लागलं का त्याला?'

'चार बोटं उपटलं की रं!'

'कुणाची बोटं?'

मामांनी माझ्याकडं असं बघितलं की शाळेतले गणिताचे सर आठवले. 'चार बोटं रुंद गवात. मुळासकट. ह्येला महिना लागतोय भरून यायला.'

तिथून पुढं मॅच संपेपर्यंत मामांनी मला जी कॉमेंट्री ऐकवली तसली कॉमेंट्री जगात कुणी ऐकली नसेल. बॉल कुठंय ह्याच्याशी मामांचा काही संबंध नव्हता. आमच्या नऊ नंबरबद्दल त्यांचं मत असं की तो टाचेवर पळतो, 'नांगर धरल्यावानी'. समोरच्या टीममध्ये एक नायजेरियन पोरगा खेळतो, आमच्या सगळ्या बॅकना त्यानं नाचवलेलं, मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो, तर मामा म्हणाले, 'गुणी पोरगं. बोटावर पळतंय. पाय कसा फुलावानी टाकतंय बघ.' गोलकीपर ही जातच त्यांना आवडत नाही. गोलकीपर म्हणजे घूस. एकाच जागी उभं राहून दीड तास उकरतंय. 'समद्या जगात बघ, कुठल्याबी मैदानात पैलं टक्कल गोलपाशी पडतंय.' हे मात्र खरं आहे, आणि मी इतकी वर्षं ते बघून बघितलं नव्हतं ह्याचा मला राग आला.

मग मी आमच्या गावातला पहिला प्रश्न विचारला, जो खरं तर शेजारी बसल्या बसल्या विचारायचा असतो. 'मामा, कुठल्या तालमीचं?'

मामांनी हनुवटीनं मैदानाकडं दाखवलं. 'ह्येचा.'

आता ह्याला काय म्हणायचं? कोल्हापुरात ह्याच्या आधी कुणीही असं उत्तर दिलं नसेल. इथं बारशाला पोराचं नाव ठरायच्या आधी तालीम ठरते. वर्ल्डकपला आमच्या गल्ल्या मेस्सीच्या आणि नेमारच्या होतात, तिथंही मधला माणूस चालत नाही, अर्जेंटिना तरी म्हण नाहीतर ब्राझील तरी म्हण, शेजारपाजारी बोलणं बंद होतं. आणि हे मामा म्हणतात मैदानाचा.

मी म्हटलं, 'मामा, मैदान खेळायलाच असतंय की.'

चूक केली. मामा माझ्याकडं पूर्ण वळले, म्हणजे मॅचकडं पाठच केली म्हणा ना, आणि सुरू झाले. 'तालमीतली माती बघितलीस काय कवा? नुसती माती असती व्हय ती? तेल घालतोय तिच्यात, ताक घालतोय, हळद घालतोय, लिंबू पिळतोय. पैलवान उतरायच्या आधी पाया पडतोय. मातीला ताक पाजणारी माणसं आपण, आन् ह्या मैदानानं काय घोडं मारलंय? तालमीतनंच आलायसा न्हवं फुटबॉल खेळायला? मग तालमीची रीत कुठं टाकून आलासा?'

ह्याला उत्तर नाही हो. आमचे सगळे संघ तालमीतून आलेले, नावात अजून 'तालीम' आहे, शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं खासबागचं कुस्ती मैदान इथनं चालत पाच-दहा मिनिटांवर, आणि मी ह्या बाबतीत आयुष्यात एकदाही असा विचार केलेला नाही. पण उत्तर नसलं की माणसाला जास्तच राग येतो. शिवाय मॅच चालू होती! शून्य-शून्य! आणि हा माणूस मला ताक सांगत होता.

'आन् आनखी एक ऐक,' मामा म्हणाले. 'ही हरळी हाय. हरळी म्हंजी दूर्वा. गणपतीला डोक्यावर वाहतोस आन् हितं खिळं लावून तिच्यावर नाचतोस. कळलं न्हवं?'

हाफटाइमला मी मुद्दाम उठून गेलो. वाटलं, परत येऊ तेव्हा मामा गेले असतील, नाहीतर आपणच दुसरीकडं बसू. पण बावीस वर्षांची पायरी सोडून दुसरीकडं बसायचं म्हणजे अपशकुनच, आमची टीम हरली असती आणि मला झोप आली नसती. शेंगदाणे घेऊन परत आलो तर मामा जागेवर नव्हते. खाली जाळीपाशी उभे राहून आतल्या एका पोराला हाक मारत होते, 'ए बाळ, ते ढेकूळ. ते न्हवं, ते पलीकडचं. हां. आनखी एक बघ, पांढऱ्या लाइनीजवळ.' पोरानं बिचाऱ्यानं दोन ढेकळं आणून दिली. मामांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, लहान बाळ दुपट्यात गुंडाळतात तशी, आणि पिशवीत घालून वर आले.

'काय करणार ह्याचं?'

'कुंडीत लावायचं. गच्चीवर बावीस कुंड्या हैत माझ्या. समद्या हितल्याच.'

म्हणजे काय, तर मामा दर मॅचला उपटलेली ढेकळं गोळा करतात, घरी नेऊन जगवतात आणि पावसाळ्यात, मॅच बंद असतात तेव्हा, परत आणून लावायची परवानगी मागतात. मिळाली का कधी, असं विचारलं तर मामा म्हणाले, 'मिळंल.' बावीस कुंड्या. माझी बावीस वर्षं आणि त्यांच्या बावीस कुंड्या. हे ऐकल्यावर मला जे वाटलं तो साधासोपा मत्सर होता, दुसरं काही नाही. मी ह्या मैदानासाठी काय केलंय? तिकीट काढलंय आणि ओरडलोय.

नाही, पण थांबा. ओरडणाऱ्यांची बाजू पण कुणीतरी मांडली पाहिजे. बाकी गवत जपायचं म्हणता तर आधी माणसं जपा. गवत आलं, मैदान दिसायला झकास झालं, पण गॅलरीतल्या शिव्या धुळीच्या काळातल्याच आहेत, उलट आता मोबाइलवर जास्त स्पष्ट ऐकू येतात. माझी पोरगी आठवीत आहे, फुटबॉल म्हणजे जीव, अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडनं खेळला, आपल्या कोल्हापूरचा पोरगा, हे ती सगळ्या पाहुण्यांना सांगते. तिला घेऊन येताना मी दोनदा विचार करतो. समोरासमोरच्या तालमींची मॅच असली की चारदा. दंग्यामुळं मॅच थांबलेल्या आपण सगळ्यांनी बघितल्यात, आणि दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात ती पोरं बाहेरची होती. कुठली बाहेरची? कायम बाहेरची पोरंच कशी येतात दंग्याला? आणि आत बसून मान डोलावणारे आपण सगळे, त्यात मीही आलो, एवढी वर्षं गप्पच. हे मामांना बोलून दाखवलं तर म्हणाले, 'व्हय. बाटल्या मारत्यात. फुटलेली काच गवतात घुसती.' म्हणजे त्यांना त्यातही गवतच दिसलं.

असो. सेकंड हाफ. मॅच म्हणाल तर कंटाळवाणी, दोन्ही टीम घाबरून खेळत होत्या, पण ह्या असल्या मॅचमध्येच जीव टांगणीला लागतो. शेवटची पाच मिनिटं राहिली, आम्हाला कॉर्नर मिळाला, सगळी गॅलरी उभी, हलगी सुरू झाली, मी पायरीवर उभा राहिलो आणि माझ्या शर्टाला मागनं हिसका बसला.

'पाणी हाय काय रं?'

मी मान न वळवता बाटली मागं दिली.

'आसं न्हाई. माझं हात कापत्यात. तू घाल. सुकालंय ते.'

'मामा, कॉर्नर आहे!'

'कॉर्नर दर मॅचला आसतोय. ह्येला मूळ येकच हाय.'

आता मला सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? सत्तरीच्या वरचा माणूस, दोन्ही हातांत वर्तमानपत्र उघडून धरलेलं, त्यात ते ढेकूळ, खरंच मलूल पडलेलं, आणि चेहरा असा की आयसीयूच्या बाहेर उभे आहेत. मी म्हटलं दोन सेकंदांचं काम आहे. वळलो. वाकलो. झाकणात थोडं पाणी घेतलं. मामा म्हणाले, 'धार धरू नकोस, माती वाहून जाती, थेंब थेंब.' मी थेंब थेंब घालायला लागलो आणि माझ्या मागं जग फुटलं.

तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांनाच कळेल. पायरी हलली. माझ्या पाठीवर कुणीतरी भेळ सांडली. मी वळायला गेलो तर मामांनी माझं मनगट धरलं. म्हातारा माणूस, पण पकड काय सांगू, तालमीतलीच. 'हलू नकोस, सांडंल.' आणि मी हललो नाही! ह्याचंच मला जास्त वाईट वाटतंय. नेमक्या त्या क्षणाला कॅमेरावाल्यानं गोलवरनं गॅलरीवर झूम केला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

'झाला वाटतं,' मामा म्हणाले.

रात्री गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर सगळे जमलो. समोर म्हैस, हातात धारोष्ण दुधाचा ग्लास, सगळ्यांच्या तोंडात एकच विषय. मी गप्प. शेवटी एकानं विचारलंच, 'तू बरोबर समोर होतास की, कसला बसला रं गोल?' आता तिथं खरं बोलायची हिंमत कुणाला. मी म्हटलं, 'कसला बसला म्हणजे, गोळीच. वरच्या कोपऱ्यात. कीपर बघतच राहिला.'

सगळे गप्प झाले. मग एक जण हळूच म्हणाला, 'भावा, बॉल त्यांच्या बॅकच्या ढुंगणाला लागून घरंगळत आत गेला.'

सकाळी सहाला स्टिकर आला.

आणि एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो. मॅच संपल्यावर, बाहेर गुलाल उडत होता, पोरं गाड्यांच्या पुंगळ्या काढून फिरवत होती, मामांनी मला गेटपाशी गाठलं आणि तेच ढेकूळ माझ्या हातात दिलं. 'पाणी तू घातलंस, आता ह्ये तुझं. कुंडीत लाव. ऊन पायजे, सावलीत ठेवशील तर मरंल.' मी नको नको म्हणतोय तोवर फोन नंबर पण घेतला. त्या विजयी मिरवणुकीत, एका हातात स्कूटरचं हँडल आणि दुसऱ्या हातात ढेकूळ, गल्लीतली पोरं 'दादा, गुलाल!' म्हणून अंगावर येतायत आणि मी ओरडतोय 'गवतावर नको, गवतावर नको' असा मी घरी आलो. दारात बायको उभी होती. तिनं आधी ढेकळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, 'मैदानच आणलास?'

लावलं गॅलरीत, तुळशीशेजारी. मामांचा रोज सकाळी साडेसहाला फोन येतो. गुड मॉर्निंग नाही, काही नाही, थेट 'कोंब आलं काय?' पहिल्या दिवशी वैताग आला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी मी फोन यायच्या आधीच उठून बघून आलो होतो, ते सोडा. चौथ्या दिवशी खरंच आले होते, बारीक बारीक, पोपटी, मी आणि पोरगीनं मिळून मोजलेसुद्धा, आणि मामांना सांगितलं तर पलीकडनं बराच वेळ आवाजच आला नाही.

आज संकष्टी. मी आंघोळ करून आलो तर आई देवघरात बसलेली, गणपतीच्या डोक्यावर ताज्या हिरव्यागार दूर्वा. म्हणाली, 'बरं झालं बाई, दारातच मिळाल्या. एरवी मंडईत जायचं म्हणजे.'

मी गॅलरीत जाऊन बघितलं. कुंडीत नुसती माती. तेवढ्यात साडेसहा वाजले.

'कोंब किती झालं रं आता?'

मी म्हटलं, 'मामा, एकवीस.'